सरासरीच्या वर

हॉस्पिटलात कॉफीच्या रांगेत लोरेनच्या पुढे दोन मुली उभ्या होत्या. एकीच्या अंगावर मेडिकलचा कोरा पांढरा कोट, दुसरीच्या साधा स्वेटर.

“ब्रिन, मेडिकलच्या प्रवेशासाठीचं तुझं हे मास्टर्सचं वर्ष संपू दे, घेतीलच तुला.”

“तुमच्या वर्गाच्या सरासरीच्या वर आले तर! आम्हा मास्टर्सवाल्यांना बसवतात तुमच्याच वर्गात, पेपरही तोच. पण तुला नुसतं पास व्हायचंय, टेसा. मग पंच्याण्णव काढून सरासरी कशाला वर नेलीस?”

“अगं, तूच तर शिकवलंस!”

“तेच चुकलं माझं.”

“जळतेस किती गं!”

“जळू नको तर काय नाचू? कोट दे इकडे, जरा घालून बघते.”

“इथे नको. कॉफी सांडेल तुझ्या हातून.”

“सांडली तर सांडली.”