टेप न लावता

—नाही नाही, बोलू नका, तोंड उघडंच राहू द्या. वर बघा. दिव्याशेजारी टांगलंय ना, ते जपानी लढाऊ जेट. प्लॅस्टिकचं आहे, डोक्यावर पडणार नाही, हिरडीला टाके घालायचाच दोरा आहे तो. निळा रंग, पंखांवर लाल गोळे, सगळं मी केलं, दोन पेशंटांच्या मधल्या वेळात. तुमची दाढ ज्याने खरवडणार, तसल्याच हत्याराने विमानाचे सांधे घासले—जुन्या हो, जुन्या, घाबरू नका. गाल जड झाला का? होईल. इंजेक्शन दोनदा टोचावं लागलं, कारण तुम्ही हललात. हललात हो, थोडेसे.

आता त्याचं काचेचं झाकण बघा, वैमानिक बसतात तिथलं. त्यावर बारीक चौकटी आहेत. सगळी दुनिया दोन्ही बाजूंना टेप चिकटवते, रंग मारते, टेप सोलते—झाली रेघ सरळ, शेंबडं पोरही काढेल. आमच्याकडे टेप चालत नाही. माझाच नियम. मुलीला—ती हो, बाजूच्या खोलीतली डॉक्टर, जिने तुम्हाला इकडे पाठवलं—तिला लहानपणी विमानांवरच हात बसवायला शिकवलं मी. टेपने हात आळशी होतो, म्हणायचो. आणि परवा तीच म्हणते, बाबा, चहा पिताना तुमची बशी वाजते. म्हटलं, बशीच तसली आहे! वाजते बशी, त्यात काय? तर म्हणाली, झाकणाच्या चौकटी टेप न लावता रंगवून दाखवा. जमलं तर मी पुन्हा अवाक्षर काढणार नाही. नाही जमलं तर ड्रिल खाली ठेवायचं. बापाची परीक्षा घेते! डोळे का वटारताय? खुर्ची मागे घेतो, थांबा.

तर केल्या चौकटी. बघा ना, एक रेघ हललेली नाही. तिने भिंग लावून बघितलं, दिव्याखाली फिरवून फिरवून. मला वाटलं आता पकडणार—म्हणजे, काहीतरी खोट काढणार, चिकित्सक आहे ती. तर रडायलाच लागली. एवढी मोठी बाई, गळ्यात पडून. म्हणाली, मी किती घाबरले होते, बाबा, वाटलं आजोबांसारखं होतंय. माझ्या वडिलांना शेवटी शेवटी शर्टाचं बटण लावता येत नव्हतं, आई लावायची. आणि आज सकाळी तिनेच तुमची केस माझ्याकडे दिली. दाढ नसेला खेटून आहे, बाबा, ही तुम्हीच करा. तुम्हीच, म्हणाली.

झाला बधिर? छान. आ करा. मोठा आ. हा टकटक आवाज येतोय ना, तो मशीनचा, त्याकडे लक्ष देऊ नका—मशीन—मशीन अजून लावलंच नाही का मी? मग आरसा असेल. हो, आरसाच, तुमच्या दातावर वाजतोय. एसीचा गारठा फार आहे इथे—बंद आहे एसी? हात सोडा माझा. सोडा म्हणतोय ना.

...

बरं. उठा. चूळ भरा. गाल चावू नका, जरा वेळ कळणार नाही तुम्हाला. बाजूच्या खोलीत जा, तिच्याकडे. विचारेल, बाबांनी परत का पाठवलं. हे विमान सोडवून देतो, ते तिच्या हातात द्या. आणि सांगा, टेप लावली होती. बाकी तिला कळेल. बघताय काय, जा ना आता—जा.