व्याह्यांचं जाळं

अहो, बसा हो व्याही, जाळं काय पळून जातंय का? — तुमचंच आहे, माझ्या कोठारात आहे आणि किल्ली ही बघा, माझ्याच कमरेला. आधी घोटभर चहा घ्या. पोरगी टाकतेय आत. — छे, तिची तयारी केव्हाच झालीय, सासरे न्यायला येणार म्हणून सकाळपासून पिशवी भरून बसलीय. पण मोडलंच ना शेवटी सगळं? काल तुमच्या सरकारनं जाहीर करून टाकलं, आम्ही या करारात नाही, ज्यानं त्यानं आपापली जाळी घेऊन जावी. झालं! एवढी समिती, एवढ्या बैठका, ते हातात हात घेऊन काढलेले फोटो — सगळ्यावर पाणी. नाही, तुम्हाला नाही बोलत मी. तुम्ही काय करणार बिचारे.

मला सांगा, नदी काय हद्द विचारून वाहते? तिकडं वरचे, इकडं आम्ही, समोर तुम्ही — तीन सरकारं, तीन कायदे, आणि मासळी मात्र एकच. अंडी घालायला ती वर चढते तेव्हा तिघांनीही जाळी पाण्यातून काढायची, एवढं साधं ठरलेलं. पण विश्वास कुणाचा कुणावर? म्हणून मग ही शक्कल निघाली — बंदी लागली की तुमच्या काठाची जाळी आमच्या कोठारात आणि आमची तुमच्या. वर कुलूप. वरच्यांनी तर त्यातनंही अंग काढून घेतलं, म्हणे आमच्याकडं कोठारच नाही! वा रे वा! आम्ही हातावर हात ठेवून बसायचं आणि यांनी वर बसून अंड्यांवर आलेली मासळी ओरपायची. समितीच्या साहेबांना म्हटलं, तर म्हणाले, पुढच्या बैठकीत विषय घेऊ. घ्या ना! मासळी थांबलीच आहे तुमच्या बैठकीसाठी.

आणि आपले लोक तरी काय मोठे धुतल्या तांदळासारखे आहेत? राग मानू नका, पण तुमच्या काठानं काय काय पाठवलं ते पाहिलंय मी. चिंध्या! कुजलेल्या, उंदरांनी कुरतडलेल्या, खालचं शिसं काढून घेतलेल्या. चांगली जाळी सगळी घरात, पलंगाखाली. — हो, हो, आमचंही तेच, मी कुठं नाही म्हणतोय? तुमच्या कोठारातलं आमचं एखादं जाळं उचलून बघा, नुसता भुगा येईल हातात. सगळ्यांना सगळं ठाऊक. सह्या करताना तोंडं मात्र अशी, की साक्षात सत्य बसलंय खुर्चीवर. आणि त्यात एक तुम्ही! सबंध नदीवर एकटे तुम्ही, वडिलांनी हातानं विणलेलं धडधाकट जाळं आणून दिलंत. होडीतून उतरवून घेताना मी म्हटलंसुद्धा, व्याही, दुसरं नव्हतं का एखादं? तर म्हणालात, शब्द दिलाय.

शब्द! तुम्ही शब्द दिलात आणि ओढाताण कुणाची झाली? माझ्या पोरीची. — तसं नाही हो, घालता तुम्ही जेवायला, मी का ओळखत नाही तुम्हाला? पण आरामाला म्हणून इकडं आली तेव्हा काय अवतार होता तिचा! पोटात तुमच्या घरचं नातवंड आणि तोंडावर रक्ताचा टिपूस नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मासळी खायला घाला. घाला म्हणे! कुठून घालू? शेजारच्या घरात तळल्याचा वास येतोय, आणि आमच्या चुलीवर पातळ डाळ. बापाच्या जिवाचं काय होतं ते तुम्हाला नाही कळायचं, तुम्हाला मुलगेच. आता बघा तिच्याकडं. गाल कसे भरलेत. परवा माशाच्या अंड्यांची गाभोळी अशी मिटक्या मारत खाल्ली — अहो, सुकवलेली. जुनी, ठेवणीतली. सुकवतात गाभोळी. का, सुकवत नाहीत?

उठलात? चहा येतोय ना — असं काय बघताय माझ्याकडं? थांबा, मी आणून देतो, तुम्ही कशाला त्या अंधारात शिरताय, मला पायाखालचं ठाऊक आहे तिथलं. अहो, किल्ली — ओढू नका, देतो, देतो. ते कुलूप जरा आडमुठं आहे, तुम्हाला नाही उघड — उघडलंत. बरं. ते कोपऱ्यातलं. हो, वरच ठेवलंय, उंदरांच्या भीतीनं. हात नका लावू — म्हणजे लावा, तुमचंच आहे. ओलं? छप्पर गळतं हो. — पाऊस नाही झाला, खरं आहे. आणि ते खवले, ते — ते आधीचेच असतील.

बोला ना काहीतरी! शिव्या द्या, चार लोकांना गोळा करा. एकटा मीच का चोर? वरचे दिवसाढवळ्या ओरपतात ते चालतं, तुमचे शेजारी पलंगाखालनं जाळी काढतात ते चालतं, आणि मी पोटच्या पोरीसाठी चार मासे काढले तर — माझ्याकडं धड जाळं आहे कुठं? माझ्या हाताशी बिनभोकाचं जाळं एकच होतं, तुमचं. तिला यातलं काही माहीत नाही. तुमची शपथ घेऊन सांगतो. तिनं विचारलं होतं, बाबा, बंदी आहे ना? मी म्हटलं, समितीनं परवानगी दिलीय थोडी. तुमच्या घरात राहून आलीय ना, पहिला घास घेण्याआधी विचारलं तिनं. माझ्यावर काय रागवायचं ते रागवा, पण तिला —

खांद्यावर घेतलंत? ओलं आहे, जड होईल, एक टोक मी धरतो. — नको? बरं, नको. पण व्याही, एवढी घाई कसली? थांबा हो! अगं ए, बाहेर ये, सासरे निघाले तुझे! — ती काय, दारातच उभी आहे, पिशवी हातात घेऊन. व्याही, तिला न्यायला आला होतात ना? होडीचा दोर कशाला सोडताय? अहो, निदान मागं वळून तरी बघा — व्याही!

ठेव ती पिशवी खाली. आणि माझ्याकडं असं बघू नकोस. आत जा.