राब भाजून होईपर्यंत

माझं गाव कुडपण, पोलादपूरच्या वर डोंगरावर. चार गुरं, थोडं भात, थोडी नाचणी, एवढ्यावर आमचं घर. मी दहावीला होतो तेव्हा आई गेली, अक्का, म्हणजे मोठी बहीण, खाली महाडजवळ नाते गावात दिलेली, घरात मी आणि आबा, माझे वडील, दोनच माणसं. आता सव्वीस चालू हाय मला. दम कधीपासून लागतो विचारता, तर काय सांगू ताई तुम्हाला, लहानपणी गुरांच्या मागं अख्खा डोंगर पळायचो, तेव्हा काय नव्हतं. महाडला दोन वर्षं कामाला होतो, तिथं खोकला धरला, मग छातीत शिट्टी वाजायला लागली, जिना चढलो की बसायचो. डॉक्टरांनी मशीनमधे फुंकायला लावलं. बोलले दमा हाय, पंप रोज घ्यायचा, बरं वाटलं तरी घ्यायचा. मी विचारलं, फुप्फुस गेलं काय माझं? बोलले गेलं नाय, पण सांभाळलं नाय तर पुढं जड जाईल. ते ‘जड जाईल’ माझ्या डोक्यातून अजून जात नाय.

काम सोडून घरी आलो. वाडीत बोलतात, पंप एकदा लागला की सुटत नाय, आणि माझ्या लग्नाचं बघत होते, म्हणून मी गोठ्यात जाऊन घ्यायचो, गुरांसमोर. चार महिने बरं वाटलं तर बंदच केला. तिथं चुकलो.

आमच्याकडं भाताचं रोप करायच्या आधी राब भाजतात. तोडलेल्या फांद्या, शेण, पालापाचोळा, वर माती, असं जमिनीवर पसरायचं आणि वारा जिकडं जातो त्या कडेनं पेटवायचं, म्हणजे आग हळू सरकते, जमीन नीट भाजते. पण पेटवणारा पण त्याच कडेला, धूर सगळा त्याच्या तोंडावर. हे काम एकमेकांकडं जाऊन करतात. मी गेल्या वर्षी कुणाकडं गेलो नाय, तर बोलायला लागले, पोरगा महाडला राहून नाजूक झाला. मला ते लागलं. आमच्या राबाला आबांना बोललो, आज मी पेटवतो. अर्धा पेटला आणि मी खाली बसलो. श्वास आत जाईना ताई, बाहेर येईना, माणसं होती आजूबाजूला पण मला कुणी दिसत नव्हतं, एकटाच होतो मी त्या धुरात. आबांनी जळता राब तसाच सोडला, मला पाठुंगळीला घेतला आणि रस्त्यापर्यंत पळाले, साठीतला माणूस. जीपमधे पोलादपूर येईपर्यंत माझी बोटं चोळत होते.

आता पंप रोज घेतो, चारचौघांत घेतो. पण राबाच्या दिवसांत आबा मला वर ठेवत नाय, अक्काकडं पाठवतात. अक्का, भावोजी कामाला जातात, मी दिवसभर घरात एकटा, छातीकडं कान देऊन बसलेला. रोज फोन करतो, आबा, येऊ काय? नको रे, अजून दोन राब राहिलेत. परवा बाजारात वाडीतला एक जण भेटला, बोलला, अरे राब होऊन दहा दिवस झाले, पेरणी पण झाली, तू हाय कुठं? संध्याकाळी मी फोन केला, आबा बोलले, अजून दोन राहिलेत. मी बोललो, बरं.

रागवू कसा? घाबरलाय तो माणूस. न विचारता गेलो तर माझ्या छातीकडंच बघत बसेल. तिकडं तो एकटा जेवतो, इकडं मी. देवानं त्याला जरा निवांत झोप द्यावी, माझं मी बघीन. उद्या परत विचारीन, आबा, येऊ काय.