चपला काढ, आत ये

दीपमाला : तिथंच थांब, दादा. उंबऱ्याच्या आत पाऊल टाकू नको. पोरगी आत हाय.

कुंदन : माझी पोरगी आहे ती. न्यायला आलोय.

दीपमाला : आधी बुटाकडं बघ. अण्णांचं रक्त हाय अजून.

कुंदन : नळाखाली धुतले मी.

दीपमाला : शिवणीतलं नाय निघालं. वहिनीचा फोन आला होता दवाखान्यातून. डोक्याला नऊ टाके, दोन बरगड्या गेल्या. सत्तरीच्या बापाला सेफ्टी बुटानं लाथा घालतं का रे कोणी? पुढं लोखंड असतं त्याला.

कुंदन : माहीत आहे. ओझरला कामावर रोज तेच घालतो. पोलिसांत दिलं का?

दीपमाला : अण्णा डॉक्टरला म्हणले, मोरीत पाय घसरला.

कुंदन : वा! मोरीत! आणि शाळेत बाई माझ्या पाठीवरचे वळ बघून विचारायच्या, तेव्हा मी काय सांगायचो?

दीपमाला : विहिरीच्या पायऱ्यांवर घसरलो.

कुंदन : त्यांनीच पाठ करून घेतलं होतं माझ्याकडून. एक शब्द चुकला की पुन्हा.

दीपमाला : आज काय झालं ते सांग. वहिनी नुसती रडते.

कुंदन : शिफ्ट करून आलो. दारातच होतो. तुझ्या वहिनीनं नुकतीच फरशी पुसलेली. सृष्टी खेळून आली, चपला चिखलानं भरलेल्या. अण्णा खुर्चीतून तिला म्हणाले, 'चपला काढ, आत ये.'

दीपमाला : अगं आई गं.

कुंदन : बस, एवढंच. पण तोच आवाज, दीपा. शांत. लाडानं बोलावल्यासारखा.

दीपमाला : फरशीसाठी म्हणले असतील रे.

कुंदन : फरशी मला दिसलीच नाही. मला मळ्यातली खोली दिसली. ड्रमात भिजत टाकलेली ठिबकची नळी दिसली. ओली जास्त लागते. चपला आधी काढायला लावायचे, नांगरटीतून पळता येऊ नये म्हणून. मग कडी. मी खुर्चीसकट पाडलं त्यांना. ते हात जोडत होते. मी हातांवरच मारत होतो.

दीपमाला : बास. मी मागच्या खिडकीतून तुझ्या चपला आत टाकायचे, तुला पळता यावं म्हणून, आठवतं? एकदा सापडले, तर अण्णांनी दाराच्या फटीत माझं बोट धरून दार ओढलं. हे बघ, अजून वाकडंच हाय. सुई धरता येत नाय या हातानं.

कुंदन : आणि आई ओटीवर बसून झेंडूचे हार ओवायची.

दीपमाला : ओवायची नाय रे ती. एकाच फुलात सुई घालायची, काढायची. तू आत असायचास, मी बघितलंय.

कुंदन : तेव्हापासून मी कुणाच्या घरात बूट काढत नाही.

दीपमाला : मला नको सांगू. इथं पंचवटीत राहते मी, पण तू कधी देवळाची पायरी चढला नाय. माझ्या लग्नात कान पिळायला मांडवात बूट घालूनच आलास. सासरचे म्हणले, भावाला लय माज हाय.

कुंदन : तू काय म्हणालीस?

दीपमाला : काय सांगणार होते?

कुंदन : मी पोरीला वाचवत होतो, दीपा.

दीपमाला : कोणापासून? तिला कोण मारत होतं?

कुंदन : कोणी नाही.

दीपमाला : तिला मांडीवर घेऊन केस विंचरतात अण्णा. वाटतं, आमच्या वेळी हे हात कुठं होते? दगड घालावा वाटतो डोक्यात. पण मी घातला नाय. तू पोरीसमोर लाथा घातल्यास. ती वेणीची रिबीन तोंडात धरून भिंतीला टेकून होती म्हणे.

कुंदन : एकदा बोलाव तिला. लांबूनच बोलतो.

दीपमाला : सृष्टी, ये गं. पप्पा आलेत. आत्यानं धरलंय तुला, ये.

(सृष्टी आतून येते. पाय उघडे. अंगठ्याला चिंधी बांधलेली.)

सृष्टी : पप्पा, मी चपला नाही घातल्या.

कुंदन : पायाला काय झालं तिच्या?

दीपमाला : वहिनीनं रिक्षातून आणली तेव्हाच अनवाणी होती. गल्लीत खडी टाकलीय, ठेचकाळली. चपला घाल म्हणलं की हातपाय झाडते.

सृष्टी : माझ्या चपलांमुळे तुम्ही आजोबांना मारलं ना? मी आता कधीच नाही घालणार. शाळेत पण नाही. मग नाही ना मारणार?

दीपमाला : सांग की रे तिला. पोरगी वाट बघते.

कुंदन : नाही मारणार. तुझी काही चूक नाही, बाळा. तू चपला घाल. रोज घाल.

सृष्टी : मग आता मला मारणार?

कुंदन : दीपा, तिला तुझ्याकडंच ठेव काही दिवस.

दीपमाला : ठेवते. आणि तू कुठं जाणार? दवाखान्यात त्यांच्या उशाशी?

कुंदन : इथं बसू दे थोडं. भीती वाटते मला माझी.

दीपमाला : बस. पण ते बूट माझ्या घरात नको.

कुंदन : काढतो. पण दार उघडं ठेव.