नानाजी चुकले, खोटे नव्हते

(मेडशी. सकाळी प्रयागबाईच्या ओसरीवर तिचा धाकटा भाऊ शालिग्राम आलेला.)

शालिग्राम : उद्या तू ग्रामसभेत जाचं नाही, बाई. लोक हसून राह्यले.

प्रयागबाई : हसू दे. चौकाले देल्लेलं नानाजीचं नाव काढाचा ठराव हाय, अन् मी घरी बसू?

शालिग्राम : काढलं तं काय बिघडते? त्यानं नवा पंथ काढला, अन् जगबुडी होनार म्हनून अर्धं गाव टेकडीवर नेलं. चैत्राची पुनव आली अन् गेली. आभाळसुद्धा नाही आलं!

प्रयागबाई : मी होती ना तिथं. मले काय सांगतं?

शालिग्राम : मी बी होतो. दहावीचे दोन पेपर राह्यले होते माहे. बाबानं पुस्तकं चुलीत घातले अन् हात धरून नेलं. जग बुडते तं पेपर कायले, म्हने.

प्रयागबाई : तुयं वरीस गेलं. मी कधी नाही म्हटलं?

शालिग्राम : मंग त्याले देव काहून म्हनतं?

प्रयागबाई : देव कोन म्हनते? मानूसच होते. तिसऱ्या दिवशी कोनी म्हने तारीख चुकली, कोनी म्हने आपल्या भक्तीनं टळलं. नानाजी उठले. म्हने, 'टळलं-बिळलं काही नाही. मी चुकलो. घरी जा.' मंग घरोघरी जाऊन तेच बोलले. आपल्या बाबानं दार लावून घेतलं.

शालिग्राम : बोलून माह्यं वरीस वापस आलं?

प्रयागबाई : नाही आलं. पन तुये नवे पुस्तकं मालेगावाहून पायी कोनं आनले?

शालिग्राम : मामानं.

प्रयागबाई : नानाजीनं. मामाच्या हातून देल्ले. त्याईचं नाव ऐकलं असतं तं तू फेकून देल्ले असते.

शालिग्राम : ...हे आता सांगून राह्यली?

प्रयागबाई : त्याईनंच मना केलं होतं. 'पोराले राग धरू दे, हक हाय त्याचा.'

शालिग्राम : तरी चुकले ते चुकलेच.

प्रयागबाई : चुकलेच! उद्या हेच बोलनार हाय. नानाजीच्या मठातला विकास म्हने, आजी, नानाजी जगबुडीचं कधी बोललेच नाही म्हना. मी म्हटलं, खोटं बोलून नाव वाचवाचं असन तं मीच पुसते ते नाव. बाविसाव्या वर्षी माह्यं कुकू पुसलं, शालिग्राम. पंगतीत कोनी जवळ बसू देत नव्हतं. नानाजीनं मले पहिल्या पंगतीत बसवलं, अन् बाजूले गावाबाहेरच्या वस्तीतली सुंदरबाई. निम्मे लोक उठून गेले. नानाजी हलले नाही. हे बी खोटं काय? सांगू दे कोनाले माह्या तोंडावर!

शालिग्राम : किती वाजता हाय सभा?

प्रयागबाई : अकरा.

शालिग्राम : तुयाजवळ बसतो. पन मी काही बोलनार नाही हां.

प्रयागबाई : नको बोलू. तू आला, हेच सारे पाह्यतीन.