पाणीवाला पिंजरा

प्राचार्य साहेब, स्टेजवरची मोठी मंडळी, खाली सतरंजीवर बसलेली माझी माणसं, आन् पुढं बसलेल्या माय, म्हणजे भुतेकर सरांच्या आई. सगळ्यांना माझा नमस्कार.

मी शेवंता. कॉलेजात सगळे मला मावशी म्हणायचे. दारावर पाटी 'प्राणीगृह' अशी होती, पण तसं कोणी म्हणत नव्हतं. पोरं म्हणायची उंदीरखाना. त्या उंदीरखान्याची किल्ली रिटायर होईपर्यंत माझ्या कमरेला होती. आत्ता तिघं जण बोलले, चांगलं बोलले. मला तसलं बोलता येत न्हाई. निघताना सूनबाई म्हणली, आत्या, दोन शब्द बोला आन् रडू नका. मी म्हणलं, रडायचं ते परवा सर गेले तेव्हाच रडून घेतलंय. आज बोलायचंय. मधेच मला कोणी खाली बसवू नका. मी बसायची न्हाई.

मंडळी, आत्ता एक साहेब म्हणाले, भुतेकर सर मनानं मोठे. पहिला प्रयोग त्यांच्या हातून बिघडला, सगळी मेहनत पाण्यात गेली, तरी त्यांनी लपवलं न्हाई, आपल्या प्रबंधात लिहून ठेवलं की चूक माझी. तुम्ही सगळ्यांनी माना हलवल्या.

ते खोटं आहे. बिलकुल खोटं. साहेबांचा दोष न्हाई, त्यांना माहीतच न्हाई. ती चूक सरांची नव्हती. माझी होती.

ऐका, बराबर सांगते.

सर हसनाबादकडचे, शेतकऱ्याचं लेकरू. मायला शुगर झाली. डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या. मायनं गोळ्या ठेवल्या फडताळात, आन् बांधावरच्या तरवडाच्या पिवळ्या फुलांचा काढा सुरू केला. सर सांगायचे, "मावशी, आई म्हणती, माझी सासू हाच काढा पिऊन म्हातारी झाली. आता मी काय बोलू? खोटं म्हणायला पुरावा न्हाई, खरं म्हणायला बी न्हाई." आन् तिकडं मायच्या डाव्या पायाची जखम भरत नव्हती. सरांनी हातापाया पडून सांगितलं, गोळी घे. तर माय काय म्हणाल्या? माय, तुम्हीच म्हणालात ना? "तू उंदराला काढा पाजून राह्यलास न्हवं? उंदीर काय म्हणतो ते मला येऊन सांग. मंग बघू."

म्हणून तो प्रयोग. लोकांना वाटायचं, सरांना नावामागं डॉक्टर लावायचंय. ते बी होतंच, कशाला खोटं बोलू? पण सरांना जल्दी होती ती त्या जखमेची.

चार पिंजरे होते. पांढरे उंदीर, ओळखायला कोणाच्या डोक्यावर पिवळा ठिपका, कोणाच्या पाठीवर. पहिल्या पिंजऱ्यात धडधाकट. बाकी तीन पिंजऱ्यांतल्यांना सुई देऊन शुगर आणलेली. त्यातले एक गोळीवाले, एक काढेवाले, आन् एक पाणीवाले. पाणीवाल्यांना नुसतं पाणी. काय हाल त्यांचे! बाटलीवर बाटली रिकामी करायचे. खालचा भुसा सकाळी बदलला तर दुपारी ओला. अंगावर मांस म्हणून राहिलं न्हाई. पिंजऱ्याजवळ गेलं की जाळीला नाक लावून माझ्याकडं बघायचे.

आता माझं ऐका. माझं माहेर घनसावंगीचं. माझी माय गावच्या पंगतीत वाढायला पुढं असायची. मला पहिल्यांदा वाढायला उभं केलं तेव्हा तिनं एकच गोष्ट सांगितली. पोरी, पंक्तिप्रपंच करायचा न्हाई. एका पंगतीत पाटलाच्या पानावर तूप आन् गड्याच्या पानावर कोरडा भात, असं वाढणारीच्या हाताला यश येत न्हाई. मी ते जन्मभर पाळलं.

आन् इथं माझ्या डोळ्यासमोर रोज पंक्तिप्रपंच! आजार सगळ्यांना सारखा. एकाला गोळी, एकाला काढा, आन् एकाला पाणी? मला अडाणीला वाटलं, काढा पुरत न्हाई म्हणून त्यांना पाण्यावर ठेवलंय. रोज थोडा काढा उरायचा. सर म्हणायचे, मावशी, उरलेला मोरीत ओता. मी मोरीत ओतत नव्हते. पाणीवाल्यांच्या बाटलीत ओतायचे. एक दिवस न्हाई. रोज. गपचूप. आन् वरून मनात म्हणायचे, शेवंता, पुण्य लागंल तुला.

हसा, हसा. सर असते तर ते बी हसले असते. पण त्या दिवशी न्हाई हसले.

शेवटच्या दिवशी सरांनी शेपटीतून रक्ताचा थेंब थेंब काढला, तपासला. काढेवाल्यांची शुगर उतरली. पाणीवाल्यांची बी उतरली! मला काय आनंद! सगळे बरे झाले की! मी पेढे मागायच्या बेतात होते. आन् बघते तर सर पालथ्या बादलीवर बसलेले, चेहरा पार उतरलेला. म्हणाले, "मावशी, सगळं गेलं. पाण्यानं बी शुगर उतरून राह्यली. आता आईला काय सांगू? काढा चांगला म्हणू का वाईट?"

 काय ते नीट समजलं न्हाई, पण ते माझ्यामुळं झालंय एवढं कळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी किल्ली त्यांच्या टेबलावर ठेवली. म्हणलं, सर, त्यांना काढा मी पाजला, एका पंगतीत असा दुजाभाव मला बघवला न्हाई.  सरांनी विचारलं, "किती?" मी म्हणलं, उरंल तेवढा. "किती दिवस?" म्हणलं, पहिले थोडे दिवस सोडून रोज.

कोणी तुम्हाला सांगंल, सर कधी चिडत नव्हते. चिडले हो! फाईल आपटली. "दीड वर्ष, मावशी! दीड वर्ष!" म्हणून एवढ्यानं ओरडले की उंदीर कोपऱ्यात जाऊन बसले. निघून गेले. मी तिथंच उभी. म्हणलं, गेली नोकरी. घंटाभरानं आले ते हातात दोन कप चहा घेऊन. एक माझ्यापुढं ठेवला. म्हणाले, "पंगत म्हणता ना? मंग ऐका. पाणीवाले पंगतीला बसलेले न्हाईत. ते साक्षीदार आहेत. औषध न्हाई दिलं तर काय होतं, ते फक्त तेच सांगू शकतात. त्यांनी खरं सांगितलं, तरच काढेवाल्यांचं खरं. तुम्ही माझा साक्षीदार फितवला, मावशी."

मंडळी, एवढं सोपं करून मला तोवर कोणी सांगितलं नव्हतं. सर बी तेच म्हणाले, "मी तुम्हाला सांगायलाच पाहिजे होतं. न्हाई सांगितलं, म्हणून चूक माझी. हे या खोलीबाहेर जायचं न्हाई." किल्ली परत माझ्या हातात दिली.

मंग सरांचे वरचे साहेब आले. चार लोकांत सरांना बोलले, नको नको ते बोलले. तुम्हाला साधे उंदीर सांभाळता येत न्हाईत, म्हणाले. मी तिथंच होते, चहाचा ट्रे घेऊन. सर खाली मान घालून म्हणाले, हो साहेब, माझं चुकलं. आन् मी गप बसले. माझी दोन लेकरं शाळेत होती, मालक घरी बसलेले. मी गप बसले. आज एवढी वर्षं झाली, अजून गपच होते.

सरांनी पुन्हा पहिल्यापासून मांडलं. फुलं वाळवण्यापासून. आता उरलेला काढा मी त्यांच्यासमोर मोरीत ओतायचे. पाणीवाल्यांकडं बघितलं की जीव तुटायचा, पण हात आवरला. आन् त्याच काळात, माय, तुमच्या डाव्या पायाचं बोट काढावं लागलं.

माझ्यामुळं. पहिला प्रयोग धड झाला असता तर सरांनी तुम्हाला तेव्हाच सांगितलं असतं. हे मी सरांना कधी म्हणले न्हाई, सर मला कधी म्हणले न्हाईत. दोघांना ठाऊक होतं.

दुसऱ्या वेळी साक्षीदार खरं बोलले. पाणीवाल्यांची शुगर चढलेलीच. काढेवाल्यांची उतरली, पण थोडी. गोळीवाल्यांची बराबर उतरली. सर म्हणाले, मावशी, चला हसनाबादला. एस.टी.नं गेल्तो आम्ही दोघं. माय ओसरीवर पाय पसरून बसल्या होत्या. म्हणाल्या, "काय म्हणाला रे तुझा उंदीर?" सर म्हणाले, "म्हणाला, तरवड गुणाचा आहे, पण एकट्यानं भागत न्हाई. गोळी घे." मायनं पसरलेला पाय जवळ घेतला. मंग म्हणाल्या, "आण मंग पाणी."

त्या आज पुढं बसल्यात. लेक गेला, माय बसल्यात. देवाचा न्याय मला कळत न्हाई, मी त्याच्याशी भांडणार आहे. पण त्या बसल्यात, ते सरांच्या कामामुळं.

माय, बोटाची माफी मागते. हात जोडते.

काय? मोठ्यानं बोला माय, मागं ऐकू जात न्हाई... ऐकलं का? म्हणत्यात, "बोट गेलं गं, पाय राहिला. आता ये इकडं, माझ्याजवळ बस."

येते माय. एकच राहिलंय.

प्रयोग संपला की उंदरांना मारावं लागायचं. त्याआधी सर पिंजऱ्यांपुढं हात जोडून उभे राहायचे. चारी पिंजऱ्यांपुढं, सारखा वेळ. नवी पोरं हसायची. सर म्हणायचे, "आपल्यासाठी जाऊन राह्यलेत. उभं राहायला काय जातं?"

तसंच आज उभं राहू. पण साहेब, अशानं न्हाई. तुम्ही वर खुर्चीवर, आम्ही खाली सतरंजीवर. खाली या. प्राचार्य साहेब, तुम्ही बी. झाडूवाल्या गंगूबाई दारात उभ्या आहेत, त्यांना आत घ्या. एका रांगेत. इथं पंक्तिप्रपंच चालंल, असं सर कधी म्हणले नव्हते.

आलात? बरं झालं.

सर, तुमचा एक साक्षीदार लई वर्षं फितलेला होता. आज तो चार लोकांत खरं बोलला.

आता कोणी बोलू नका. घड्याळ बी बघू नका. हात जोडा.