चोचीला केळं

हॅलो?

हं, बोल ठमे… नाही गं, जेवण कधीच झालं. टेबलावर फोटो पसरून बसलेय. आमच्या छायाचित्र मंडळाची स्पर्धा ना, 'निसर्ग आणि वन्यजीव'… हो, परीक्षक. मी, दातांचे डॉक्टर आणि चित्रकलेचे सर. ते दोघं चार वाजता येणार, त्याआधी मला पहिली चाळण लावून ठेवायचीय.

कुकरची शिटी? तिचं काय?… अगं, धुऊन बघ आधी. भाताचं शीत अडकलं असेल… आणि एवढं विचारायला फोन केलास? भर दुपारी? तुझ्या झोपेच्या वेळेला?

असं… सहजच का. बरं बाई, सहज तर सहज. बोल तू, मी एकीकडे हात चालवते.

कसे म्हणजे काय, नेहमीसारखेच! एकशे चाळीस आलेत. त्यातले तीस सूर्यास्त. मला सांग, सूर्यास्त हा वन्यजीव आहे का?… हो, निसर्ग आहे, मान्य. पण तीस?

थांब, हा ऐक. बगळा. आता बगळा बरा आहे बिचारा, पण फोटो इतका तिरका काढलाय की तळ्यातलं पाणी सांडेल. बाद… कुठे म्हणजे? बिस्किटाच्या डब्यात. बाद झालेले सगळे डब्यात टाकतेय.

ही खार. म्हणजे खारीची शेपूट. बाकीची खार निघून गेली.

हसू नकोस, पुढचा ऐक. वाघ! हो हो, खराखुरा वाघ. गवतात आहे कुठेतरी. मी दहा मिनिटं शोधला. शेवटी एक कान सापडला. आणि शीर्षक काय दिलंय सांगू? 'नजरानजर'!… मी पण तेच म्हणते, कुणाची कुणाशी?

आणि आमच्या सेक्रेटरींनी लांडगा पाठवलाय. लांडग्याच्या गळ्यात पट्टा… पुसलाय गं कॉम्प्युटरवर, पण निम्माच पुसलाय… छे, नावं कुठली असायला? फोटोवर नुसता नंबर. पण तो लांडगा मला रोज बागेत भेटतो. माझ्याकडे बिस्किट मागतो. ओळखणार नाही होय मी?… टाकला ना डब्यात. सेक्रेटरी असतील त्यांच्या घरी.

बुलबुल?

नाही… म्हणजे आहे एक. पण मी कुठे बुलबुलाचं नाव काढलं? मी तर लांडग्यावर होते.

ठमे.

ठमे, तुझे अहो उतरलेत का स्पर्धेत?… नको! सांगू नकोस! परीक्षक आहे मी, मला कळता कामा नये. अगं ऐक ना, नंबर तर मुळीच सांगू न…

सांगितलास. तेवीस. झालं तुझं समाधान?

कुकरची शिटी म्हणे! लहानपणापासून तुझं हेच. ताक मागायला यायचं आणि भांडं पाठीमागे लपवायचं.

चांगला आहे का? अगं, चांगला काय, पहिल्या पाचांत काढून ठेवलाय. खरंच. मला काय ठाऊक तो आपल्या मेव्हण्यांचा आहे! सकाळचं कोवळं ऊन, मान अशी वळवलेली, डोळ्यांत एवढासा ठिपका उजेडाचा… नाही, खोटं कशाला बोलू? चाळीस वर्षं स्टुडिओ चालवलाय मी, पासपोर्ट फोटोला बसलेल्या माणसाच्या डोळ्यांतही हा ठिपका आणताना नाकी नऊ यायचे. तुझ्या नवऱ्याने तो पाखराच्या डोळ्यांत पकडलाय.

थांब हं, भिंगातून बघते… वा. पीस न् पीस मोजून घ्यावं… डोळा, छान. चोच…

ठमे, चोचीला हे पिवळं काय लागलंय?

परागकण? बरं. परागकणांत असे काळे ठिपके असतात का गं? केळ्यात असतात तसे?

हॅलो? आहेस ना?

बुलबुलाला केळं सोलून कुणी दिलं?

रडू नकोस. अगं… रडू नको गं, नीट सांग. मी ऐकतेय.

हं… हं… वीस दिवस? ते कॅमेरा घेऊन खिडकीशी बसून? आणि एक पाखरू नाही?

हो, आठवतंय ना मला. रिटायर झाल्यावर ते तीन महिने त्या खुर्चीत, भिंतीकडे बघत. तू रोज फोन करून सांगायचीस, ताई, आज चार वाक्यं बोलले, आज तीनच. चौतीस वर्षं हवामान खात्यात रोजच्या रोज आकाशाची नोंद केलेला माणूस, त्याला आता आकाश बघायचंही कारण उरलं नाही म्हणालीस… कॅमेरा घ्यायला मीच सांगितलं ना.

म्हणून तू खिडकीत केळं ठेवायला लागलीस.

ते झोपेत असताना. आणि ते उठायच्या आत ताटली धुऊन जागेवर… अगं बाई माझी. आणि त्यांना वाटतं पाखरू आपणहून येतं.

पण ठमे, आता मी काय करू सांग. नियम चौथा, खाऊ घालून बोलावलेला पक्षी चालत नाही. वन्यजीव म्हणजे आपल्या मर्जीने आलेला. मोठ्या अक्षरांत छापलाय, आणि छापायला मीच लावलाय… डोळेझाक? अगं, सेक्रेटरींचा कुत्रा डब्यात टाकायचा आणि बहिणीचं केळं पाचांत ठेवायचं?… नाही, जमणार नाही. आणि आता नंबर कळल्यावर मला गुणही देता येत नाहीत. डॉक्टरांना सांगावंच लागेल.

कारण? बाद करण्याचं कारण लिहावं लागतं गं. स्पर्धकाला कळवतातही.

मला कळतंय. त्यांना कळलं की ते पुन्हा त्या खुर्चीत बसतील, हीच धास्ती ना तुला? मला का हौस आहे त्यांना दुखवायची? थांब जरा, मला विचार करू दे… प्रत्येकाने दोन फोटो द्यायचे होते. हा तेवीस-अ. तेवीस-ब कुठे गेला? तो चांगला असेल तर तोच पुढे काढू, तो सोडवेल दोघींना.

टेबलावर नाही. डब्यात असणार. धर हं फोन… खारीची शेपूट… सूर्यास्त, सूर्यास्त… हा. तेवीस-ब.

हं, आठवला. हात मध्ये आला म्हणून टाकला होता. माणसाचा हात आला की बाद, नियम सहावा. शिवाय हललाय, धूसर आहे, डावीकडे दाराची कड आलीय. दाराआडून काढलाय जणू कुणी…

थांब.

ठमे, तुझ्या खिडकीला जाळी कसली आहे? चौकोनी?… आणि ताटली? स्टीलची, कडेला पोचा आलेली?

नाही, काही नाही… भिंग घेते. हातच दिसतोय. ताटली धरलेला. पलीकडे जाळीवर बुलबुल, इतक्या जवळ की घाबरतही नाही. आणि हाताची करंगळी वाकडी आहे.

मी ओळखणार नाही होय ती करंगळी? मीच चेचली होती दारात. तू सहा वर्षांची होतीस. आईचा केवढा मार खाल्ला होता मी.

अगं, तुझा हात आहे हा! तुझा! तू केळं ठेवतेयस आणि तुझा नवरा दाराआडून तुझा फोटो काढतोय!

मलाही आत्ताच कळतंय, थांब की. मागे लिहिलेलं असतं, तारीख वगैरे. टाकताना मी कुठे उलटून बघितलं… अ वर तारीख आहे चोवीस. ब वर… पाच. त्याच महिन्याची. म्हणजे एकोणीस दिवस आधी. त्यांना पहिल्यापासून ठाऊक होतं, वेडे.

वाचते, वाचते. अक्षर तेच, त्यांचं नोंदवहीतलं. ऐक. 'वेळ, सकाळी पाच पंचावन्न. आकाश निरभ्र. वारा नाही. प्रजाती: बुलबुल, एक. बायको, एक. शेरा: दोघंही रोज येतात, मी झोपलोय असं समजून.'

ठमे?

रड. आता रड हवं तेवढं, मी नाही अडवणार. मलाच चष्मा पुसायला लागलाय इथे.

नाही गं, मूर्ख नाहीस तू. आणि बक्षीस हवं असतं तर हा दुसरा फोटो पाठवला असता का त्यांनी? परीक्षक कोण आहे ते ठाऊक होतं त्यांना. नियमही पाठ असणार, हवामान खात्याचा माणूस. बायकोला तोंडाने दोन शब्द सांगायला जमेना, म्हणून दोन प्रतींत अर्ज केलाय आमच्या मंडळाकडे!

हो, दोन्ही बाद. एक केळ्यासाठी, एक हातासाठी. कारणं व्यवस्थित लिहीन मी, त्यांना वाईट वाटायचं नाही… अगं, वाटायचं नाही, माझ्यावर सोड. आणि बाद फोटो परत जातात. तेवीस-ब मी तुझ्या हातात आणून देणार, पाकिटाबिकिटात नाही.

बेल वाजली. आले दोघं… हो, आलेच हं! चपला काढा, दार उघडंच आहे!

काय बोलू त्यांच्याशी म्हणजे? नवरा आहे तुझा, मला काय विचारतेस? काही बोलू नकोस. उद्या पहाटे नेहमीसारखी ऊठ, केळं ठेव, आणि चहाचं आधण टाक. दोन कपांचं. झोपेचं सोंग घेतलेल्याला जागं करता येत नाही म्हणतात, पण ते म्हणणाऱ्याने चहा टाकून बघितलेला नसतो.

हं… हो… आलं भरपूर किस. चल, ठेवते.